दहातली तीन गाणी : ‘द बॅड प्लस’चा अल्बम आणि ‘स्टँडर्ड’ कोण ठरवतं हा प्रश्न

‘प्रश्न कसा बांधायचा’ या विषयावर लिही, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पेट आणि मुलाखतीच्या तयारीत असणाऱ्यांना हाच भाग सगळ्यात जड जातो. नुसती तत्त्वं सांगण्यापेक्षा माझी स्वतःची एक चूक सांगते. तीच जास्त उपयोगी पडेल.

माझा विषय विसाव्या शतकातल्या लोकप्रिय संगीताचा इतिहास. सुरुवातीच्या एका टिपणात मी असं वाक्य लिहिलं होतं : ‘२००० नंतर जॅझ वादक बाजारासाठी रॉक-पॉप गाण्यांकडे वळले; ‘द बॅड प्लस’ या ट्रिओचा २००३ चा अल्बम हे त्याचं ठळक उदाहरण.’ टिपण वाचून सर म्हणाले, “अल्बममध्ये गाणी किती? त्यातली दुसऱ्यांची किती? मोजलीस का?” मोजली नव्हती. लेख आणि परीक्षणं वाचली होती, त्यातली गाजलेली दोन-तीन गाणी ऐकली होती, आणि त्यावर वाक्य ठोकून दिलं होतं.

घरी आल्यावर मोजली. गाणी एकूण १०, त्यातली दुसऱ्यांची ३. उरलेली ७ त्या तिघांनी स्वतः रचलेली. म्हणजे माझं वाक्य अल्बमबद्दल नव्हतंच, अल्बमच्या गाजावाजाबद्दल होतं. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे तिथेच खरा प्रश्न दडलेला होता. तो मला कसा सापडला, ते आज सांगते.

आधी अल्बमची ओळख

त्या वेळचा ‘द बॅड प्लस’ म्हणजे पियानोवर ईथन आयव्हरसन, डबल बासवर रीड अँडरसन आणि ड्रम्सवर डेव्हिड किंग. तिघेही अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले. अँडरसन आणि किंग मिनिआपोलिसच्या परिसरात वाढले, आयव्हरसन शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला. २००० साली त्यांनी हा गट बांधला, २००१ मध्ये एका छोट्या स्पॅनिश कंपनीसाठी पहिला अल्बम केला. नंतर कोलंबिया या बड्या कंपनीने त्यांना घेतलं आणि २००३ मध्ये ‘दीज आर द व्हिस्टाज’ बाहेर आला.

यातली दुसऱ्यांची तीन गाणी अशी : ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (निर्वाना, १९९१), ‘हार्ट ऑफ ग्लास’ (ब्लॉन्डी, १९७८ चा अल्बम ‘पॅरलल लाइन्स’) आणि ‘फ्लिम’ (एफेक्स ट्विन, १९९७). पहिलं ग्रंज रॉक, दुसरं डिस्को, तिसरं निव्वळ इलेक्ट्रॉनिक. तिन्हींचा स्वभाव वेगळा, काळ वेगळा, श्रोता वेगळा. ‘रॉक गाणी वाजवली’ असं म्हणून तिघांची एक मोट बांधता येत नाही. माझ्या वाक्यातली ही दुसरी चूक.

एक बारीक तपशील बघा. जॅझमध्ये ट्रिओ बहुतेक वेळा पियानोवादकाच्या नावाने ओळखला जातो : बिल एव्हान्स ट्रिओ, ऑस्कर पीटरसन ट्रिओ. इथे कुणाचंच नाव नाही. रॉक बँडला असतं तसं सामायिक नाव आहे, आणि रचनाही तिघांच्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाटीवरचं नाव हासुद्धा पुरावाच असतो. हा गट स्वतःकडे कसं बघत होता, ते त्यातून कळतं.

स्टँडर्ड म्हणजे नेमकं काय?

जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात ते असं गाणं, जे बहुतेक वादकांना येतं आणि ज्यावर कुणीही, कुणाही बरोबर, तालमीशिवाय वाजवू शकतो. आपल्याकडच्या बंदिशीशी ढोबळ तुलना चालेल. आधी मूळ चाल वाजवायची, मग त्या गाण्याच्या स्वरसंगतींचं चक्र, म्हणजे जणू एक आवर्तन, चालू ठेवून त्यावर प्रत्येकाने उत्स्फूर्त वादन करायचं आणि शेवटी पुन्हा चालीवर यायचं.

आता ही स्टँडर्ड गाणी आली कुठून? जॅझवाल्यांनी लिहिलेली काही आहेतच, पण फार मोठा हिस्सा त्या काळच्या पॉप गाण्यांचा आहे. नाटकांतली गाणी, सिनेमातली गाणी. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचं गाणं १९३९ च्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीत नाटकातलं. नाटकाचे प्रयोग झाले फक्त ५९, पण गाणं जॅझवाल्यांनी इतकं वाजवलं, की आज नाटकाचं नाव गाण्यामुळे टिकून आहे. ‘सम डे माय प्रिन्स विल कम’ हे तर डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ या कार्टूनपटातलं. ते डेव्ह ब्रूबेकने वाजवलं, बिल एव्हान्सच्या ट्रिओने वाजवलं, १९६१ मध्ये माइल्स डेव्हिसने त्याच नावाचा अल्बम केला. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ‘माय फेव्हरेट थिंग्ज’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ते गाणं ज्या नाटकात होतं ते ‘द साउंड ऑफ म्युझिक’ ब्रॉडवेवर चालू होतं. म्हणजे कोल्ट्रेन अगदी ताजं पॉप गाणं वाजवत होता.

म्हणजे ‘जॅझ वादक २००० नंतर पॉपकडे वळले’ हे विधान मुळातच लंगडं आहे. जॅझ पॉपपासून कधी फार लांब गेलेलाच नव्हता. मधल्या काळात बदललं ते पॉप. साठच्या दशकात रॉक आल्यावर गाण्यांची घडणच पालटली. स्टँडर्ड गाण्यांची यादी मात्र बरीचशी तिथेच गोठली. ती गोठायला साधी व्यावहारिक कारणंही होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात बॉस्टनमधल्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या परिसरात ‘द रिअल बुक’ नावाचं सुरावटींचं बेकायदा पुस्तक तयार झालं आणि झेरॉक्स होऊन जगभर पसरलं. त्यात जे होतं ते विद्यार्थ्यांना यायला लागलं, आणि विद्यार्थ्यांना जे येतं ते पुढे परंपरा म्हणून चालतं. परंपरा अशी झेरॉक्सच्या दुकानातही घडते, हे विसरू नका.

मग २००३ सालीच एवढी खळखळ का?

इथे मी तुलना करायला बसले. प्रश्न असा होता : रॉक-पॉप गाणी वाजवणारा हा पहिलाच जॅझ अल्बम होता का? अजिबात नाही.

१९६५ मध्ये रॅमसे लुईस ट्रिओने वॉशिंग्टनच्या ‘बोहेमियन कॅव्हर्न्स’ या क्लबात ‘दि इन क्राउड’ हे डोबी ग्रेचं ताजं हिट गाणं वाजवलं. ते ध्वनिमुद्रण बिलबोर्डच्या पॉप यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि त्याला जॅझचा ग्रॅमीही मिळाला. १९६६ मध्ये काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्राने बीटल्सच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. १९८५ मध्ये माइल्स डेव्हिसने सिंडी लॉपरचं ‘टाइम आफ्टर टाइम’ आणि मायकल जॅक्सनने गायलेलं ‘ह्यूमन नेचर’ वाजवलं. १९९७-९८ मध्ये ब्रॅड मेल्डाउच्या ट्रिओने बीटल्सचं ‘ब्लॅकबर्ड’ आणि रेडिओहेडचं ‘एक्झिट म्युझिक’ घेतलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण १९९६ चं. हर्बी हॅनकॉकने ‘द न्यू स्टँडर्ड’ नावाचाच अल्बम केला. त्यात प्रिन्स, पीटर गेब्रिएल, सादे, बीटल्स, आणि हो, निर्वानाचं ‘ऑल अपॉलॉजीज’ सुद्धा. नाव बघा, दावा उघड आहे : ही नवी स्टँडर्ड गाणी. म्हणजे निर्वाना जॅझमध्ये सात वर्षं आधीच येऊन गेला होता.

मग प्रश्न असा उभा राहतो : १९९६ मध्ये हॅनकॉकने निर्वाना वाजवला तेव्हा ‘हे जॅझ आहे का?’ असं फारसं कुणी विचारलं नाही, मग २००३ मध्ये बॅड प्लसने वाजवला तेव्हा ‘हा विनोद आहे का, ही टवाळी आहे का?’ असा वाद का झाला?

मित्रांनो, याला म्हणतात संशोधन-प्रश्न. ‘जॅझ आणि पॉप यांचा संबंध’ हा नुसता विषय झाला. प्रश्न तयार होतो तो दोन सारख्या घटनांचे परिणाम वेगळे दिसतात तेव्हा. मला त्याची तीन उत्तरं सापडली. तिघांचं वजन सारखं नाही.

उत्तर पहिलं : काळ

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर केन बर्न्सची ‘जॅझ’ ही दहा भागांची माहितीपट-मालिका दाखवली गेली. पहिल्या नऊ भागांत १९६० च्या आसपासपर्यंतचा इतिहास, आणि नंतरची सुमारे चाळीस वर्षं शेवटच्या एका भागात कोंबलेली. यावर तेव्हा बरीच टीका झाली, कारण मांडणीतूनच एक निकाल ध्वनित होत होता : जॅझचा खरा इतिहास घडून गेला, आता तो जतन करायचा. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस या मालिकेतला प्रमुख आवाज होता, आणि न्यूयॉर्कच्या ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ या संस्थेचं नेतृत्वही त्याच्याकडे होतं. म्हणजे २००३ साली परंपरेची व्याख्या हाच वादाचा मुद्दा झालेला होता. अशा वेळी एका तरुण ट्रिओला कोलंबियाने घेतलं. माइल्सचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ब्रूबेकचा ‘टाइम आउट’ ज्या कंपनीने काढले तीच ही. म्हणून त्या ट्रिओने निर्वाना वाजवणं ही नुसती गाण्याची निवड राहिली नाही, ती वादातली बाजू घेणं ठरली.

हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. पार्श्वभूमीने वाद का पेटला हे कळतं, ठिणगी कशाची होती हे कळत नाही. त्यासाठी संगीताकडेच जावं लागतं.

उत्तर दुसरं : वाजवण्याची रीत

हॅनकॉकच्या अल्बममध्ये डेव्ह हॉलंड, जॅक डीजॉनेट, मायकल ब्रेकर, जॉन स्कोफील्ड असे दिग्गज आहेत. त्यांनी पॉप गाणी घेतली आणि त्यांचे स्वरसंबंध बदलून, नव्या संगती भरून त्यांना जॅझच्या भाषेत आणलं. पाहुण्याला घरचे कपडे घातले म्हणा ना. जॅझ ऐकणाऱ्याला तिथे ओळखीचं सगळं मिळतं.

बॅड प्लसने उलटं केलं. ‘टीन स्पिरिट’ या गाण्याची घडण बघा. ते उभं आहे चार ‘पॉवर कॉर्ड’वर. पॉवर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत नुसते षड्ज आणि पंचम, मधे गंधारच नाही. गंधार शुद्ध की कोमल यावरून पाश्चात्त्य संगीतात मेजर की मायनर ते ठरतं. इथे तो नसल्यामुळे गिटारचा तो आवाज एकाच वेळी पोकळ आणि दणकट लागतो. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ सारखं स्टँडर्ड एकामागून एक पट्ट्या बदलत फिरतं, वादकाला दर दोन-चार मात्रांनी नवं काही देतं. ‘टीन स्पिरिट’ तसं काहीच देत नाही. चार कॉर्ड, पुन्हा तेच चार कॉर्ड. नेहमीच्या जॅझ पद्धतीने त्यावर वाजवायला गेलं तर हाताशी काही लागत नाही.

मूळ गाण्यात जोर येतो तो वेगळ्याच गोष्टीतून : हळू आवाजातलं कडवं आणि एकदम अंगावर येणारं ध्रुवपद, हा चढउतार. बॅड प्लसने तो चढउतार काढून टाकला नाही, त्यालाच गाण्याचा आशय मानलं. चाल ओळखू येते, दणका दणक्यासारखाच येतो. मधल्या भागात पियानो त्या रिकाम्या गंधाराच्या जागेत एकमेकांना खेटलेले, टोचणारे स्वर भरतो. पाहुण्याचे कपडे बदलले नाहीत. घरातलं फर्निचर हलवलं.

ध्वनिमुद्रणाचंही तसंच. निर्माता होता चॅड ब्लेक, ज्याने पर्ल जॅमसारख्या रॉक बँडबरोबर काम केलं होतं. ध्वनिमुद्रण झालं इंग्लंडमधल्या पीटर गेब्रिएलच्या ‘रिअल वर्ल्ड’ स्टुडिओत. पियानो ट्रिओच्या ध्वनिमुद्रणात ड्रम्स बहुतेक वेळा मागे, अदबीने असतात. इथे ते पुढे आहेत, जाड आहेत. स्पीकर लावल्याबरोबर, एकही स्वर ओळखू येण्याआधी, कानाला कळतं की ही जागा जॅझ क्लबची नाही. मला वाटतं, ठिणगी इथे आहे. गाणं कुठलं निवडलं यापेक्षा आवाज कसा ठेवला याने लोक बिथरले.

पण तिन्ही गाण्यांना एकच पद्धत लावलेली नाही, हेही लक्षात घ्या. ‘फ्लिम’ बरंचसं मुळाला धरून आहे. मूळ रचनेतले बारीक, झरझर ठोके यंत्राने रचलेले. किंग ते हाताने वाजवतो. तिथे मूळ तसंच ठेवणं हेच कौशल्य आहे. ‘हार्ट ऑफ ग्लास’ मात्र चाल दाखवतं, मग ताल-सूर उसवत जातं. आणि त्या गाण्याचा इतिहासही मजेशीर आहे. ब्लॉन्डी हा न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबातल्या पंक मंडळींमधला बँड. त्यांनी डिस्को केला तेव्हा ‘विकले गेले’ असा आरोप त्यांच्यावरही झाला होता, आणि १९७९ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे ‘विकले गेले’ असा शिक्का बसलेलं गाणं घेऊन बॅड प्लसवर तोच शिक्का बसला.

टवाळीचा आरोप मला पटत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. आयव्हरसन रॉक ऐकत वाढलेला नव्हता. गटात येण्याच्या सुमारास तो मार्क मॉरिस या नृत्यदिग्दर्शकाच्या कंपनीचा संगीत-संचालक होता. निर्वाना ही अँडरसन आणि किंग यांच्या तरुणपणाची आठवण होती, आयव्हरसनसाठी ती नवी रचना होती. टवाळी करायला आधी सलगी लागते. गटातल्या एकाला आठवण आणि दुसऱ्याला नवलाई, या मिश्रणातून ते वादन आलं आहे असं मी वाचते.

उत्तर तिसरं : पैसा

माझ्या पहिल्या वाक्यात ‘बाजारासाठी’ असा शब्द होता. तोही तपासला.

अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित करायला गीतकार-संगीतकाराची वेगळी परवानगी लागत नाही, ठरलेलं शुल्क भरलं की झालं. ही तरतूद १९०९ च्या कायद्यातली, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवरून झालेल्या भांडणातून आलेली. २००२-०३ मध्ये हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रत्येक प्रतीमागे ८ सेंट होता. हे पैसे जातात मूळ रचनाकाराला. म्हणजे ‘टीन स्पिरिट’चे रचनेचे पैसे निर्वानाच्या बाजूला, ‘हार्ट ऑफ ग्लास’चे डेबी हॅरी आणि क्रिस स्टाइन यांना. पियानोवर कितीही नवं सुचवलं तरी रचनाकार म्हणून आयव्हरसनला त्यातलं काही नाही. उलट स्वतःच्या सात गाण्यांच्या रचनेचे पैसे त्या तिघांचे.

चाळीसच्या दशकात चार्ली पार्करच्या पिढीने यावर तोड काढली होती : जुन्या गाण्याची स्वरसंगतींची चौकट ठेवायची, चाल नवी करायची. पार्करचं १९४५ चं ‘को-को’ हे ‘चेरोकी’ या गाण्याच्या चौकटीवर उभं आहे. तिथे रचना पार्करच्या नावावर लागली. बॅड प्लसला असं करता आलं नसतं, कारण त्यांना गाणं ओळखू यायलाच हवं होतं.

मग कव्हर्सचा फायदा काहीच नाही का? आहे. त्यामुळे जॅझ न ऐकणारे लोक अल्बमकडे वळले, कंपनीला जाहिरातीला हाताशी काही मिळालं. पण फायदा लक्ष वेधण्याचा होता, आणि त्याची किंमत सात गाण्यांनी मोजली. ‘रॉक गाणी वाजवणारा ट्रिओ’ ही ओळख गटाला वर्षानुवर्षं चिकटली. २०१० मध्ये त्यांनी ‘नेव्हर स्टॉप’ हा फक्त स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला, आणि २०१६ मध्ये ‘इट्स हार्ड’ हा फक्त दुसऱ्यांच्या रचनांचा. दोन्हींतून एकच प्रश्न ऐकू येतो : आमचं नेमकं काय ऐकताय तुम्ही?

मग हाती काय लागलं?

आता माझं सुधारलेलं विधान असं आहे : ‘स्टँडर्ड’ हा गाण्याचा गुण नाही, ती वादकांनी पुन्हा पुन्हा केलेल्या वापराची नोंद आहे, आणि २००३ च्या वादाचं मूळ गाण्यांच्या निवडीत कमी, गाण्याचा मूळ आवाज न बदलण्यात जास्त होतं. हे विधान पहिल्यापेक्षा लहान आहे, पण ते तपासता येतं. कुणी मला चूक ठरवू शकतं. उदाहरणार्थ, हॅनकॉकच्या अल्बमवर १९९६ मध्ये तशीच खळखळ झाल्याचं कुणी दाखवलं, तर मला माघार घ्यावी लागेल. ज्या विधानाला कुणी चूक ठरवू शकत नाही, त्याच्यावर प्रबंध उभा राहत नाही.

तुमच्या विषयावर बसाल तेव्हा तीन गोष्टी करून बघा. एक, मूळ वस्तू हातात घ्या आणि मोजा. अल्बम असो, मासिकाचा अंक असो की ग्रामपंचायतीचं दप्तर. दोन, तुमच्या ‘पहिल्यांदाच घडलं’ या दाव्याच्या आधीचं उदाहरण स्वतःच शोधा. बहुतेक वेळा सापडतं, आणि सापडलं की प्रश्न जास्त चांगला होतो. तीन, ‘बाजारासाठी’, ‘परंपरेसाठी’ असे शब्द आले की पैसे नेमके कुणाच्या खिशात गेले ते बघा.

आणि जमलं तर तो अल्बम ऐका. तिसऱ्या गाण्यापासून नको, पहिल्यापासून ऐका. शेवटचं ‘सायलेन्स इज द क्वेश्चन’ हे अँडरसनचं स्वतःचं गाणं आहे. मी ते ऐकलं ते टिपण परत मिळाल्यानंतर. खरं तर टिपण लिहायच्या आधीच ऐकायला हवं होतं.